किन्तारोची बाहुली, सात महिन्यांनी: कुऱ्हाड चिकटवू नका

काल व्हॅक्यूम क्लीनरची नळी लागली आणि कुऱ्हाडीचा दांडा मोडला, म्हणून लिहायला बसलो.

टोकियोतल्या निशी-कासाईत मुलं वाढवणाऱ्यांना किन्तारो कोण ते सांगायला नको. जपानी लोककथेतलं, आशिगारा डोंगरातलं गुटगुटीत पोर, अस्वलाशी कुस्ती, पोटापर्यंत येणारं लाल लाळेरं आणि त्यावर ‘सोनं’ हे अक्षर. मोठेपणी तो मिनामोतो नो राइको या सरदाराच्या चार खंद्या वीरांपैकी एक होतो, पण बाहुलीत कायम पोरच.

५ मेच्या मुलग्यांच्या सणासाठी मार्चमध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानातून साडेचार हजार येनला घेतली. नव्या बाहुलीची किंमत ऐकून बायको म्हणाली होती, "एवढ्यात पोराला सायकल येईल."

तक्रार एकच, कुऱ्हाड. मासाकारी म्हणतात तिला, रुंद पात्याची, खांद्यावर टाकलेली. बाहुली फ्रिजवर, दार जरा आपटलं की कुऱ्हाड खाली. दिवसातून तीनदा मी फ्रिजमागे हात घालून चाचपडतोय. दुकानदार वाकून वाकून माफी मागतो, पण जुना माल परत घेत नाही. एप्रिलमध्ये वैतागून झटपट चिकटणारा गोंद लावला. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

दुसरी कुरकुर रंगाची होती. उतामारो या जुन्या जपानी चित्रकाराच्या चित्रांत यामाउबा या डोंगरातल्या आईला बिलगलेला किन्तारो चांगला तांबडालाल असतो. आमचा पांढराफटक. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पाहून सांगितलं, हा गोफुन, शिंपल्यांच्या पुडीचा लेप. उघड्या हाताने धरायचं नाही, घामाचे डाग पडतात. तोवर पोराने दोन्ही गाल कुरवाळून झाले होते. आता ते डाग बघून मला तो जरा घरचा वाटतो, रंगाची तक्रार मागे घेतो.

आजी जुन्या बाहुलीबद्दल मात्र जरा अडखळल्या. मुलावरचं अरिष्ट बाहुली स्वतःवर घेते, म्हणून ज्याची त्याची वेगळी असावी, अशी समजूत. दुकानात एवढी स्वस्त का पडली होती, ते तेव्हा उमगलं. मी म्हटलं, असू दे, अनुभवी गडी मिळाला.

सण झाल्यावर, त्सुयूचा दमट पाऊस सुरू व्हायच्या आत, कोरडा दिवस बघून बाहुली आवरायची असते. खोकं काढलं, तर झाकण बसेना. कुऱ्हाड आडवी येते! ती सुटी ठेवण्यासाठीच असते. तिला गुंडाळायचा पातळ कागद मी मार्चमध्येच कचरा म्हणून टाकला होता. म्हणजे दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं, हे कबूल करायला जड जातंय. अख्खा त्सुयू किन्तारो फ्रिजवर, प्लास्टिकची पिशवी पांघरून.

सप्टेंबरात हाकोनेकडे किन्तोकी डोंगर चढलो, १२१२ मीटर. किन्तोकी म्हणजे किन्तारोचंच मोठेपणीचं नाव. माथ्यावर फोटोसाठी मासाकारी ठेवलेली असते. पोराने ती उचलली आणि मला विचारलं, "बाबा, ही का नाही चिकटवली?" बायको इतकी हसली की फोटो हलला.

असो. दांडा मोडल्यावर काल खोक्याचं झाकण पहिल्यांदा नीट बसलं. मुठीत दांड्याचा तुकडा तेवढा उरलाय. गोंद चांगला निघाला, तो काही सुटत नाही.