२,३९,३७० रुपयांचा चेक: शिवार खरेदीत माझी झालेली फसवणूक

लिहू की नको यात आठ महिने गेले. गावात सगळ्यांना माहीत आहे, पाहुण्यांत निम्म्यांना माहीत आहे, मग आता लपवायचं कुणापासून? सोयाबीनचा हंगाम परत येईल, तेव्हा शिवार खरेदी करणारे, म्हणजे बाजारात न जाता शेतातूनच माल उचलणारे, तसलेच व्यापारी परत शिवारात फिरतील. म्हणून लिहितो.

मी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी. २०२४ च्या खरिपात आठ एकर सोयाबीन होतं, वाण फुले संगम. गेलेले पैसे २,३९,३७०. आमच्या गावातल्या चौघांचे मिळून ४,६१,९००.

पहिल्या वर्षी रोख, दुसऱ्या वर्षी चेक, हा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. द्राक्षवाल्यांच्या बाबतीत आमच्या भागात दर दोन वर्षांनी ऐकतो. व्यापारी बाग तोडून नेतो आणि फोन बंद. पण द्राक्ष नासकं पीक, तोडलं की द्यावंच लागतं. सोयाबीन कोरडा माल, पोत्यात भरून घरात ठेवता येतो, तिथे कोण कशाला फसेल, असं मला वाटायचं. २०२३ ला मला फसवणाऱ्या याच व्यापाऱ्याने माझं २२ क्विंटल सोयाबीन ४,७०० ने नेलं आणि काटा झाल्या झाल्या १,०३,४०० रुपये खळ्यावर मोजून दिले. नोटा मी स्वतः मोजल्या. त्याच्यावर विश्वास का ठेवला, असं मला विचारणाऱ्यांनी आधी सांगावं, एक लाख रोख मोजून देणाऱ्यावर त्यांनी ठेवला नसता का?

२०२४ ला पीक आधीच हैराण करून गेलं होतं. ऑगस्टमध्ये कडेच्या दोन एकरात पिवळा मोझॅक शिरला. हा विषाणू, पांढरी माशी पसरवते, झाडात एकदा शिरला की त्याला औषध नाही. पिवळी झाडं उपटून बांधाबाहेर पुरली, चिकट सापळे लावले, माशीसाठी फवारलं. ते आटोक्यात येतंय तोवर शेंगा भरताना करपा, हा बुरशीचा रोग. टेब्युकोनाझोल आणि सल्फर या बुरशीनाशकांची फवारणी घेतली, पण पावसाने उघडीप दिली नाही. काढणी करून गंजी लावली, ताडपत्री टाकली, तरी खालचा थर ओला राहिला. दाण्यावर काळे-जांभळे डाग. हा माल बाजारात नेला तर काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. ओल बघून वजनात घट, डाग बघून घट, वर पोत्यामागे कडता म्हणजे आणखी वजन कापणं, आणि दिवसभर उन्हात बसून शेवटी व्यापारी म्हणेल तो भाव. त्या आठवड्यात आमच्याकडे कोरड्या मालालासुद्धा ४,२०० च्या आतबाहेर मिळत होते. हमीभाव ४,८९२, पण हमीभावाच्या केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओल चालत नव्हती. नोव्हेंबरच्या मध्याला सरकारने ती १५ टक्के केली. तोवर माझा माल कुणाच्या तरी तेलात गेला होता.

दसरा झाल्यावर दोन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला तो व्यापारी आला. भाव ४,५५०. मळणी यंत्र तो भाड्याने आणणार, मळणीचा खर्च त्याचा, बारदाना म्हणजे पोती त्याची. १६ आणि १७ ला मळणी झाली.

आता ती वेळ सांगतो. रोज रात्री मला तीच आठवते.

व्यापारी रास बघतो म्हणजे काय करतो? कोपरापर्यंत हात घालतो, आतला माल बाहेर काढतो, दाणा दाताखाली धरतो. कट्टकन फुटला तर कोरडा, चेपला तर ओला. मग ओल मोजायचं मीटर लावतो, आणि मीटर १४ दाखवो की १६, तोंड वाकडं करतो. आयुष्यभर मी हेच बघत आलो. याने वरवर मूठभर दाणे उचलले, खाली टाकले आणि म्हणाला, “आण्णा, तुमच्या मालाला मीटर कशाला लावायचं ओ? बारा लिहितो.”

माझा मुलगा शेजारी उभा होता. बारावीला आहे. त्याने विचारलं, “अप्पा, ह्यांनी मॉइश्चर का नाही बघितलं? आपला माल तर ओला आहे.” मी त्याला सगळ्यांसमोर गप्प बस म्हणालो. चांगलं चाललेल्या व्यवहारात तोंड घालू नको, असंही म्हणालो. पोराला जे दिसलं ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं होतं. पण माझ्या डोक्यात एकच, घट वाचली. क्विंटलमागे चार-पाच किलो वाचले, म्हणजे एवढे हजार वाचले, हा हिशेब मनात चालू होता. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो घट कशाला कापेल? तो भाव कशाला पाडेल? वजनातही त्याने एक किलो मारला नाही. ६१ क्विंटल ४० किलो, माझ्या घरच्या काट्यावर दोन पोती परत घालून मी खात्री केली, बरोबर निघाली. मला आनंद झाला होता.

दुसरी खूण मळणीच्या मशिनवाल्याने दिली होती. १६ ला संध्याकाळी तो म्हणाला, शेंगा ओल्या आहेत, ड्रमला गुंडाळतायत, दाणा फुटून डाळ होतेय, उद्या दुपारपर्यंत ऊन खाऊ द्या. तर हा म्हणाला, चालू द्या, रात्री नऊ वाजले तरी चालेल. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मालाची डाळ होताना कुठला व्यापारी बघत बसतो?

हिशेब २,७९,३७० झाला. ४०,००० रोख दिले, बाकीचा चेक, तारीख ४ नोव्हेंबर. कारण काय, तर विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आहे, ५० हजारांच्या वर रोकड घेऊन फिरलं तर नाक्यावर धरतात. आचारसंहिता १५ ऑक्टोबरला खरंच लागली होती. नाक्यावर तपासणीही खरीच चालू होती. खोटं बोलणाऱ्याने नव्वद टक्के खरं सांगितलं, मी कुठे पकडायचं? तरी एक गोष्ट माझ्याकडून व्हायला पाहिजे होती. ऑनलाइन पैसे पाठवायला कुठली आचारसंहिता आडवी येते, हा प्रश्न मला त्या खळ्यावर सुचला नाही. तुम्हाला सुचू द्या. पैसे खात्यात पडल्याचा मेसेज आल्याशिवाय पोतं गाडीत चढवू नका, मग तो कितीही गोड बोलो.

मला घाई होती हेही खरं. रान मोकळं करून हरभरा पेरायचा होता, मुलीची कॉलेजची फी भरायची होती, सोसायटीच्या कर्जाचा तगादा होता.

आणि एक गोष्ट लिहायला हात चालत नाही, पण लिहितो. शेजारच्या वहिनींचा माल माझ्या शब्दावर गेला. भाऊ वारल्यापासून त्या एकट्या शेती बघतात. त्यांनी मला विचारलं, “भावजी, माणूस बरा आहे का?” मी म्हणालो, बिनधास्त द्या, मी आहे. ११ क्विंटल २० किलो, ५०,९६० रुपये, हातात मिळाले ५,०००. त्यांनी मला आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही. मी आतापर्यंत २०,००० दिलेत, बाकीचेही देणार आहे.

४ नोव्हेंबरला चेक भरला, ६ ला परत आला. खात्यात रक्कम नाही. वर माझ्याच खात्यातून १७७ रुपये कापले. फोन केला तर तो म्हणाला, “आण्णा, निवडणुकीमुळं पेमेंट अडकलंय, २० तारखेनंतर भरा.” २० ला मतदान झालं. २१ पासून फोन बंद.

मग सुरू झाल्या सरकारी खेपा. पोलीस ठाण्यात १२ नोव्हेंबरलाच गेलो होतो, तेव्हा सगळे बंदोबस्तात. निकालानंतर २५ ला गेलो. ठाणे अंमलदाराने अर्ज वाचलाही नाही. “माल तुम्हीच भरून दिला ना? चोरून तर नेला नाही? मग हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” मी म्हणालो, साहेब, गावात चौघांना फसवलंय. तर म्हणे, त्याचं दुकान दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तिकडे तक्रार करा. दुसऱ्या जिल्ह्यात गेलो, ६०० रुपये पेट्रोल, तिथे म्हणाले, व्यवहार तुमच्याकडे झाला, तिकडेच द्या. दोन ठाण्यांच्या मधे मी चेंडूसारखा. नंतर वकिलाने सांगितलं की जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला माहीत नसेल? त्याला माहीत असतं. समोरच्याला माहीत नाही, हेही त्याला माहीत असतं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच मागितली तर “ठेवून जा” म्हणाला. ठेवून जाऊ नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना पाठवा. मी हे महिनाभर उशिरा केलं.

बाजार समितीत गेलो. सचिव म्हणाले, आवाराबाहेरचा व्यवहार, आमचा संबंध नाही. आमच्या नावाने सेस म्हणजे बाजार फी गोळा करता, तालुकाभर बोर्ड लावता, आणि परवाना नसलेला माणूस गावात शिरून चौघांचा मिळून ११८ क्विंटल माल घेऊन जातो तेव्हा संबंध नाही? सहकार खात्याच्या एका कार्यालयात गेलो, तिथे म्हणाले कृषी खात्याकडे जा. कृषी खात्यात म्हणाले, आम्ही बियाणं, खतं, औषधं बघतो, विक्री आमच्याकडे नाही. बँकेत म्हणाले, खातेदाराची माहिती देता येत नाही. प्रत्येक टेबलावर माणूस बसलेला आहे, पगार घेतो आहे, आणि प्रत्येकाला फक्त एवढंच पाठ आहे की हे माझं काम नाही. माझ्या बापाने या सगळ्या संस्थांचे शेअर्स घेतले होते. एका साहेबाने तर मला सांगितलं, “शेतकऱ्यांनी थोडं शहाणं व्हायला पाहिजे.” त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

परवाना आहे का, हे समितीच्या कचेरीत माल देण्याआधी विचारा. त्याच्या पावतीवर जीएसटी क्रमांक छापलेला होता. मुलाने नंतर सरकारी पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द दाखवली. दोन मिनिटांचं काम, पैसे लागत नाहीत. ते मी मळणीच्या आधी करून घ्यायला हवं होतं.

डिसेंबरात एके दिवशी दारात मशिनवाला उभा. शेजारच्या तालुक्यातला गरीब माणूस, ट्रॅक्टरवर कर्ज. २५० रुपये क्विंटलने ११८ क्विंटलचे २९,५०० त्याचेही बुडवले. तो माझ्याकडे मागायला आला होता, माझा चेक बघून पायरीवरच बसला. मग आम्ही दोघांनी मिळून ट्रकवाला शोधला. मुलाने मळणीच्या दिवशी स्टेटसला फोटो टाकला होता, त्यात ट्रकचा नंबर आला होता. ड्रायव्हर म्हणाला, त्याच रात्री माल सोयाबीनच्या एका प्लांटवर उतरवला, पावती भलत्याच्याच नावाची. ४,५५० ने उधार घ्यायचं आणि ३,९०० ने रोख विकायचं, धंदा तोट्याचा नाहीच. गाडीचा, काट्याचा, माणसाचा, सगळ्याचा फोटो काढा. लाजू नका.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, सोलापुरात वकिलाकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, चेक परत आल्यापासून तीस दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस दिली का? नव्हती दिली. ते दिवस मी ठाण्याच्या बाकावर घालवले होते, आणि तीस दिवसांची मुदत असते हे एकाही कार्यालयात कुणी सांगितलं नाही. नशीब, चेकची तीन महिन्यांची मुदत बाकी होती. ९ जानेवारीला परत भरला, १३ ला परत आला, खातं बंद. पुन्हा १७७ रुपये. १७ ला रजिस्टर नोटीस, ती ‘घराला कुलूप’ शेरा घेऊन परत. नोटिशीनंतर पंधरा दिवस वाट बघायची आणि पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार करायची असते. २४ फेब्रुवारीला चेक न वटल्याच्या कलम १३८ खाली केस दाखल झाली. फीचे ८,००० गेले. ज्यांच्याकडे परत आलेला चेक आहे त्यांनी आज बँकेचा चेक परत आल्याचा मेमो काढून त्यावरची तारीख बघा. तारीख उलटली असेल आणि चेकची मुदत संपली नसेल, तर वकिलाला विचारून तो परत भरा.

समन्स दोनदा परत आलंय. मे महिन्यात शेजारच्या तालुक्यातून एकाचा फोन आला. फेब्रुवारीत त्यांची १४ क्विंटल तूर तशीच गेली. नाव वेगळं सांगितलं होतं, पण उंची, बोलणं, “मीटर कशाला ओ” हे शब्दसुद्धा तेच. त्यांना मी चेक, मेमो आणि गाडीचा फोटो घेऊन बोलावलं आहे. एकट्याचा अर्ज ठेवून घेतात, म्हणून आम्ही सगळे आणि मशिनवाला मिळून पोलीस अधीक्षकांकडे सोमवारी जाणार आहोत. वहिनीही येतो म्हणाल्यात.