जंगली बेट्टा: भातखाचरातला घ्यावा की काळ्या पाण्यातला?

जंगली बेट्टा पाळायचं मनात असेल, तर फोटो बघून मासा ठरवू नका. आधी घरच्या नळाचं पाणी तपासा. बेट्टाच्या सत्तरहून जास्त जाती आहेत आणि एकीचं पाणी दुसरीला मानवेलच असं नाही.

बहुतेकांसमोर दोन पर्याय येतात. पहिला बेट्टा स्प्लेंडेन्स, म्हणजे दुकानातल्या लांब पंखांच्या बेट्टाचा मूळ पूर्वज. मध्य थायलंडमध्ये चाओ फ्राया नदीच्या सपाट प्रदेशातली भातखाचरं, गवताळ डबकी आणि संथ कालवे हे त्याचं घर. पाणी उथळ, उन्हाने तापणारं, प्राणवायू कमी असलेलं. लॅबिरिंथ नावाच्या अवयवामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतो. पाणी ना फार आम्ल ना फार अल्कधर्मी, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच नळांच्या पाण्यात तो रुळतो. झाडं दाटीने लावा आणि फिल्टरचा प्रवाह मंद ठेवा. नर आपसांत भांडतात, म्हणून टाकीत नर एकच.

दुसरा पर्याय कॉक्सिना गटातला, म्हणजे बेट्टा कॉक्सिना आणि त्याच्या जवळच्या जाती. हे मासे जेमतेम पाच सेंटीमीटरचे, पण लाल रंग असा की नजर हटत नाही. (यातला बेट्टा पर्सेफोनी मात्र काळपट निळा, मलेशियातल्या जोहोरचा.) हा गट सुमात्रा, बोर्निओ आणि मलाय द्वीपकल्पातल्या पीटच्या दलदलीतला. तिथे झाडांची पानं आणि लाकूड पूर्ण कुजतच नाही, थरावर थर साचतो. पाणी कोऱ्या चहासारखं गडद होतं, पीएच (आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकं पाणी आम्ल) चारच्याही खाली जातो आणि क्षार जवळजवळ नसतातच.

घरी अडचण होते ती इथे. पीएच सहाच्या खाली गेला की माशाच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. आम्ल पाण्यात अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो आणि त्याचा त्रास कमी होतो. पण अशा टाकीत एकदम बादलीभर नळाचं पाणी ओतलं, तर पीएच चढतो, अमोनियमचा पुन्हा अमोनिया होतो आणि काल ठीक असलेला मासा आज मरतो. म्हणून खाणं मोजकं घालायचं आणि टाकीतलं पाणी थोडं थोडं काढून आरओचं घालायचं. मुंबईत आणि कोकणात दारोदारी असलेल्या बदामाची वाळलेली पानं इथे खरंच उपयोगी पडतात. मात्र बोअरच्या जड पाण्यात कितीही पानं टाकली, तरी पाणी रंगेल, पीएच फारसा उतरणार नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं यंत्र) जास्त आकडा दाखवत असेल आणि घरी आरओ नसेल, तर हा गट सोडून द्या.

तरीही बोअरचंच पाणी असेल, तर बेट्टा महाचाइएन्सिस बघा. बँकॉकजवळच्या समुत साखोनमध्ये निपा ताडांच्या दलदलीतल्या किंचित खाऱ्या पाण्यात हा राहतो. स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद २०१२ मध्ये झाली. ताडाच्या पानांच्या देठाशी साठलेल्या पाण्यात नर बुडबुड्यांचं घरटं करतो. जड पाणी त्याला चालतं, पण त्याचा अधिवास फार छोटा आणि शहराच्या रेट्याखाली आहे.

ओढ्यातला बेट्टा पग्नॅक्स मी नवख्यांना सुचवत नाही. नर अंडी तोंडात धरतो हे बघायला विलक्षण वाटतं, पण त्याला मोठी टाकी आणि स्वच्छ, तुलनेने थंड, हलतं पाणी लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. पहिली जोडी स्प्लेंडेन्सची असू द्या. मात्र दुकानातले कित्येक ‘जंगली’ मासे पाळीव बेट्टाशी संकर झालेले असतात, म्हणून कोणत्या ठिकाणचा आहे ते विचारा. कॉक्सिना गटातला घ्याल, तर टाकीत पैदास झालेलाच मागा. पीटच्या दलदली उपसून तेलताडाची लागवड होते आहे. काही जाती एखाद-दोन पट्ट्यांतच उरल्या आहेत, तिथून पकडून आणलेला मासा घेऊ नका. कुठलीही जात आणा, टाकीला घट्ट झाकण हवंच. हे सगळेच उड्या मारतात. आणि मासा नकोसा झाला तर तळ्यात, ओढ्यात सोडू नका, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.