गुडघेदुखीवरचे कॅप्सेसिन मलम: गुण चांगला, माहितीपत्रक अपुरे

आईच्या गुडघ्यांची झीज झाल्याचे निदान झाले तेव्हा पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या शक्य तितक्या कमी ठेवाव्यात, असे डॉक्टरांनी सांगितले आणि ०.०२५ टक्के कॅप्सेसिन असलेले मलम लिहून दिले. सदाशिव पेठेतल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये ते सहज मिळाले. दुकानात ते मेंथॉलच्या बामांशेजारी ठेवलेले असते, पण त्याचे काम अगदी निराळे आहे आणि ते समजून न घेता वापरणारा माणूस बहुधा आठवडाभरात कंटाळून ट्यूब बाजूला टाकतो.

मलम चोळल्यावर थोड्याच वेळात गुडघ्याची आग होऊ लागते आणि त्वचा हाताला गरम लागते. आईच्या गव्हाळ वर्णावरही लाली स्पष्ट दिसते. बोटाने दाबले की तेवढी जागा फिकट होते, बोट उचलताच पुन्हा लाल होते. आणि ही लाली मलम लावलेल्या जागेच्या दोन बोटे बाहेरपर्यंत पसरलेली असते. आमच्या शेजारच्या काकूंनी ॲलर्जी समजून याच टप्प्यावर मलम सोडले होते.

वास्तविक ही लाली आपल्याच त्वचेतल्या पेप्टाइडांची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची, करणी आहे. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन संवेदी मज्जातंतूंच्या टोकांवरील टीआरपीव्ही-१ या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेला जागा होणाराही हाच ग्राही. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ मध्ये ओळखला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा गौरव झाला. उद्दीपित झालेला तंतू मेंदूकडे जळजळीची वर्दी तर देतोच, शिवाय आपल्या टोकांतून आसपासच्या त्वचेत पेप्टाइडे सोडतो. त्यांतले ३७ अमिनो आम्लांचे सीजीआरपी धमनिकांच्या, म्हणजे सूक्ष्म धमन्यांच्या, भिंतीतील स्नायू सैल करते, त्या रुंदावतात आणि जास्त रक्त आल्याने त्वचा लाल होते. मानवी त्वचेत त्याची अत्यल्प मात्रा टोचली तरी लाली कित्येक तास टिकते, हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. सोबतचे ११ अमिनो आम्लांचे सब्स्टन्स पी सूक्ष्म शिरांच्या भिंतींतून द्रव पाझरू देते, त्यामुळे त्वचा किंचित सुजू शकते. एकाच तंतूच्या एका फांदीतला आवेग दुसऱ्या फांद्यांत उलटा शिरतो आणि तिथेही पेप्टाइडे सुटतात, म्हणून लाली मलमाची हद्द ओलांडते.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाविषयी आहे. त्यात ‘रक्ताभिसरण वाढवते’ एवढेच मोठ्या अक्षरांत छापले आहे, जणू वाढलेला रक्तप्रवाह हाच उपचार. प्रत्यक्षात आराम मिळतो तो मलम नियमित लावल्याने मज्जातंतूंची ही टोके हळूहळू निकामी होऊन त्वचेच्या वरच्या थरातून मागे सरतात आणि प्रतिसाद देणे कमी करतात म्हणून. साठवलेले सब्स्टन्स पी संपते, असे पूर्वी मानत. आता ते कारण अपुरे ठरले आहे. म्हणूनच दिवसातून तीन-चार वेळा, न चुकता, काही आठवडे लावावे लागते. आठवण होईल तेव्हा लावले तर जळजळ तेवढी पदरात पडते. हे दोन वाक्यांत छापणे कंपनीला अवघड नव्हते.

गरम पाण्याच्या अंघोळीच्या आधी किंवा लगेच नंतर मलम लावू नये. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी आईला जळजळ जास्त जाणवे, म्हणून उन्हातून आल्यावर अंग निवल्याशिवाय ती मलमाला हात लावत नसे. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत, नुसते पाणी पुरत नाही. डोळ्यांना हात लागू देऊ नये, फाटलेल्या त्वचेवर लावू नये आणि वरून शेकूही नये.

आईची जळजळ पुढे बरीच कमी झाली. जिना उतरताना ती अजून कठडा धरते, पण गोळी आता क्वचितच मागते. मलमाला मी पाचपैकी चार गुण देईन. उरलेला एक माहितीपत्रकापायी गेला.