हॉर्नवर्मच्या शोधात सापडली रेशीम अळी: बिअर्डेड ड्रॅगनसाठी दहा महिन्यांचा अनुभव

आमची कटुर्ली म्हणजे साडेतीन वर्षांची बिअर्डेड ड्रॅगन, एक पाळीव सरडा. अंगभर काटे, म्हणून रानभाजीवरून हे नाव. गेल्या वर्षी एप्रिलात जळगावचा पारा चव्वेचाळिसाला टेकला आणि तिच्या शीबरोबर येणारा पांढरा भाग पिवळट, खडूसारखा कडक झाला. डोळे आत गेले, कातडीला घड्या पडल्या. अंगातलं पाणी कमी पडल्याची ही लक्षणं. वाटीतलं पाणी हे प्राणी सहसा ओळखतच नाहीत, त्यांना पाणी मिळतं ते खाण्यातून. आणि मी तिला काय देत होतो, तर सुपरवर्म, म्हणजे खाद्य म्हणून विकत मिळणाऱ्या एका भुंग्याच्या अळ्या! शंभर ग्रॅम सुपरवर्ममध्ये पाणी साधारण ५८ ग्रॅम आणि चरबी १८ ग्रॅमच्या आसपास. चूक माझीच होती. ते दोन आठवडे फार काळजीत गेले.

परदेशातले पाळणारे अशा वेळी हॉर्नवर्म देतात. हिरवीगार, शेपटीवर मऊ शिंग असलेली ही अळी म्हणजे पाण्याची पिशवीच. शंभरात ८५ भाग पाणी, चरबी जेमतेम ३. मीही हॉर्नवर्मच शोधत होतो, पण आता सांगतो, आपण तिच्या मागे लागू नये. ही अळी मूळची अमेरिका खंडातली, तंबाखू-टोमॅटोवरची कीड. जिवंत कीटक देशात आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवाना लागतो, आणि तो नियम योग्यच आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, सगळं तिच्या आवडीचं. नंदुरबारची मिरची आणि आमच्याकडची भरताची वांगी यांच्या शेजारी तिचे चार पतंग सुटले तर काय होईल, एवढा विचार केला तरी पुरे.

ऑगस्टमध्ये मामांच्या शेतातून मावसभावाने तिळावरची एक अळी डब्यात घालून आणली. बोटाएवढी जाड, हिरवी, शेपटीला शिंग. दिसायला थेट हॉर्नवर्मची बहीण. याच अळीचा पुढे पाठीवर कवटीसारखी खूण असलेला मोठा पतंग होतो. कटुर्ली काचेला नाक लावून बसली होती, तरी मी ती दिली नाही. शेजारच्या कपाशीवर आठ दिवसांपूर्वीच फवारा झाला होता. शिवाय अशा अळ्यांच्या पोटात त्यांनी खाल्लेल्या पाल्याचं विषही असतं. परदेशात विकत मिळणाऱ्या हॉर्नवर्म तयार खाद्यावर वाढवलेल्या असतात, रानातल्या नव्हेत, हा फरक विसरू नका.

मग गिरणाकाठच्या एका गावात तुती लावलेले काका भेटले. त्यांच्या संगोपनगृहात रॅकवर हजारो रेशीम अळ्या पाला खात होत्या, पावसाची सर यावी तसा आवाज. मी कशासाठी आलोय ते सांगितलं तर म्हणाले, "सरडाले रेशीमना किडा?" पण दिल्या. रेशीम अळीत पाणी ८३ टक्क्यांच्या आसपास, चरबी दीड टक्का, अंग मऊ, चावत नाही, पळत नाही. हॉर्नवर्मचं सगळं काम ती करते, आणि ती आपल्या तालुक्यात मिळते.

माझ्या दृष्टीने तिचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे. कीटकनाशकाचा अंश असलेला पाला खाल्ला तर रेशीम अळी आधी स्वतः मरते. म्हणून तुतीवाला शेतकरी पाल्याला जिवापाड जपतो, शेजाऱ्याच्या फवारणीवरही डोळा ठेवतो. कपाशीच्या या मुलखात एवढा भरवशाचा किडा मला दुसरा मिळाला नाही.

पण एक सांभाळा. कात टाकण्याच्या वेळी शेतकरी अळ्यांवर जंतुनाशक पावडर आणि चुना धुरळतात. मी ते व्हायच्या आधीच्या अळ्या मागून घेतो आणि घरी दोन-तीन दिवस स्वच्छ पाल्यावर ठेवून मगच देतो. सुरुवातीला फुकट मिळतात म्हणून मागे राहिलेल्या, बारक्या अळ्या आणल्या. दोन दिवसांत निम्म्या काळ्या पडून गळाल्या. आता पैसे देऊन निरोगीच घेतो.

कॅल्शियमबद्दल बरंच चुकीचं सांगितलं जातं. रेशीम अळीत कॅल्शियम भरपूर असतं हे खरं नाही. हॉर्नवर्म काय, रेशीम अळी काय, फॉस्फरस कितीतरी जास्त, आणि तो कॅल्शियम अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची पावडर लावल्याशिवाय मी एकही अळी देत नाही आणि यूव्हीबी नळी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा, रोज चालू असते. आठवड्यातून तीनदा पाच-सहा अळ्या, बाकी शेवग्याचा पाला, गिलकं, लाल भोपळा. कोवळा तुतीचा पालाही ती आवडीने खाते. नोव्हेंबरात लाडाने रोज दहा-दहा दिल्या, तर शी पातळ झाली आणि खाण्यातल्या नेहमीच्या झुरळांकडे तिने पंधरा दिवस पाहिलंही नाही. तो हट्ट मोडायला फार त्रास झाला.

थंडीत रात्री दहा अंशांपर्यंत उतरल्या तेव्हा २५-२७ दिवसांत कोषाला येणाऱ्या अळ्या चाळीस दिवस रेंगाळल्या. मला ते सोयीचंच पडलं.

खरी अडचण उन्हाळ्याची. या अळीला २४ ते २८ अंश आणि चांगला दमटपणा लागतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये काका बॅचच घेत नाहीत. म्हणजे कटुर्लीला जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच पुरवठा बंद. उन्हाळ्याच्या तोंडावर ५० बारक्या अळ्या आणून कूलरच्या खोलीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला वाढवल्या. १९ जगल्या. कटुर्लीला कोरडी हवा हवी, म्हणून तिची पेटी दुसऱ्या खोलीत, आणि पाला ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये.

मेसाठी मार्चमध्येच पूर्ण वाढलेल्या तीस अळ्या फ्रीजरमध्ये घातल्या होत्या. त्या बर्फातून काढल्यावर तासाभरात काळवंडतात, म्हणून लगेच चिमट्यात धरून हलवत द्याव्या लागतात. पहिल्या दिवशी तिने तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी झडप घातली. बाहेर ४५ अंश असताना शीमधला पांढरा भाग मऊच राहिला, आणि डोळे गेल्या वर्षासारखे आत गेले नाहीत.

काकांनी परवा तुती छाटली. पाऊस लागला की दीड महिन्यात पाला येईल. पहिल्या बॅचमधल्या साठ अळ्या मी सांगून ठेवल्या आहेत, चुना पडायच्या आधीच्या.