ऑइल कूलर 'रिपेअर' करून घेतला, ४३,६१० रुपयांना पडला

लिहायची लाज वाटतेय, पण लाजेपेक्षा राग मोठा आहे. आकडे यूपीआयच्या नोंदींवरून आणि बिलांवरून घेतलेत, रोख दिलेली एक रक्कम तेवढी सोडून. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासायचं काम केलंय आणि स्वतःच्या गाडीत अशी गंडले.

गाडी २०१४ ची डिझेल. १.३ लिटरचं ते इंजिन, जे एके काळी निम्म्या रस्त्यावर दिसायचं आणि एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर बनायचं बंद झालं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या डब्याचं झाकण उघडलं तर आत तपकिरी, चिकट साय. जाणकारांना इथेच कळलं असेल. ऑइल कूलरमध्ये एका बाजूने इंजिनचं तेल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट फिरतं, मध्ये फक्त पातळ पत्रे. चालू इंजिनात तेलाचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त, त्यामुळे पत्र्याला चीर गेली की तेल कूलंटमध्ये घुसतं. सर्व्हिस सेंटरने कूलर बदलायचे, तेल-कूलंट-मजुरीसकट १८,७४० रुपये सांगितले. मला वाटलं, लुटतायत. (लुटत नव्हते. हे आता कळतंय.)

ऑफिसमधल्या एकाने सोलापूर रोडवरचं गॅरेज सुचवलं. त्याची गाडी तिथेच जाते, कित्येक वर्षं. म्हणजे मी काही रस्त्यात हात दाखवणाऱ्याकडे गेले नव्हते. मिस्त्री म्हणाला, "ताई, नवा कशाला टाकता? काढतो, साफ करतो, आतून वेल्डिंग मारतो, ६,५०० मध्ये काम होतंय. सहा महिने गॅरंटी." आणि हे मला अजिबात खोटं वाटलं नाही. का वाटावं? बाबांच्या प्रीमियर पद्मिनीच्या पितळी रेडिएटरला डाख मारून आणलेला मी स्वतः पाहिलाय, आणि ती गाडी पुढे वर्षानुवर्षं पळाली. रिपेअर करून वापरणं हा मूर्खपणा नाही, आपण सगळे तसेच वाढलोय.

पण पितळ वेगळं आणि हा कूलर वेगळा. हा अॅल्युमिनियमचा, पत्र्यांवर पत्रे ठेवून भट्टीत एकजीव केलेला. चीर आतल्या पत्र्याला असेल तर तिथे वेल्डिंगची कांडी पोचतच नाही. बाहेरचे रबर सील किंवा गॅसकेट गेलं असेल तर काहीशे रुपयांच्या सीलमध्ये काम होतं, आणि तोच काय तो खरा रिपेअर. "आतून वेल्डिंग" हे शब्द कुणी उच्चारले की किल्ली घ्या आणि घरी या.

आता तो क्षण, जो मला रात्री दोन वाजता आठवतो.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तर कूलर टेबलावर होता, चकचकीत चांदीसारख्या रंगात. बोटाला रंग लागला. मी विचारलं, हे काय? "हीटप्रूफ कोटिंग, ताई." बरं. मग मीच म्हटलं, टेस्ट करून दाखवा. हो, मीच! इतकी काही मी भोळी नाही. त्याने पाण्याची बादली आणली, कॉम्प्रेसर सुरू केला, हवेच्या गनचं टोक कूलरच्या तेलाच्या एका भोकाला लावलं, वर फडकं गुंडाळलं आणि कूलर पाण्यात बुडवला. कॉम्प्रेसर धडधडतोय, पाणी मात्र शांत. "बघा, एक तरी बुडबुडा येतोय का?" नाही आला. मी मान डोलावली.

अहो, तेलाला आत जायला एक तोंड असतं आणि बाहेर यायला दुसरं. ते दुसरं तोंड उघडंच होतं, पाण्याखाली मला ते स्वच्छ दिसत होतं. हवा खरंच आत जात असती तर तिथून भसाभस बुडबुडे यायला हवे होते! एकही आला नाही याचा अर्थ एकच, की त्याने गनचा खटका दाबलाच नव्हता. खरी टेस्ट म्हणजे दुसरं तोंड बूच लावून बंद करायचं, हवा भरायची आणि मग कूलंटच्या बाजूने बुडबुडे येतात का ते बघायचं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! पण कुठल्या शाळेत शिकवतात हे?

पैसे दिले: कूलर ६,५००, फ्लशिंग १,८००, तेल आणि कूलंट ३,४५०. एकूण ११,७५०. त्यातले ८,००० यूपीआयने, ३,७५० रोख, कारण "थोडे कॅश द्या ना ताई, पोरांचा पगार आहे." बिल मागितलं तर "पक्कं हवं तर अठरा टक्के वर." ही धमकी आहे, सवलत नाही, हे ओळखा. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दिवाळीच्या आधी पुन्हा डब्यात तीच साय, आणखी दाट. परत त्याच्याकडे. (होय, त्याच्याचकडे. गॅरंटी होती ना.) त्याने गाडीखाली न वाकताच निदान केलं: "कूलर एकदम ओके. हेड गॅसकेट गेलंय. हेड उतरवावं लागेल, २२,०००." हेड गॅसकेट म्हणजे इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. ते गेलं की बहुतेक वेळा धुराचा गॅस कूलंटमध्ये येतो, आणि तो ओळखायला रंग बदलणारं टेस्टिंग लिक्विड मिळतं. ते न वापरता कुणी हेड उतरवायला निघाला तर उतरवू देऊ नका.

मग नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्याने दुसरा मिस्त्री सांगितला. वयस्कर, कमी बोलणारा. त्याने कूलर काढला, चांदीचा रंग नखाने खरवडला आणि खालची राखाडी पुट्टी मला दाखवली. चिनीमातीचे कप चिकटवतो तसली. वेल्डिंगची एक रेघ नाही. जुनं गॅसकेट तेच. मग म्हणाला, "पुट्टीपेक्षा वाईट म्हणजे इतके दिवस तेल फिरलंय." कूलंटचे रबरी पाइप तेलाने फुगून मऊ पडले होते, दाबला की बोट आत जात होतं. ते रबर कूलंटसाठी असतं, तेल त्याला सोसत नाही.

बिल, यावेळी पक्कं: कूलर ७,९५०, पाइप आणि थर्मोस्टॅट ५,६४०, रेडिएटर ६,८००, फ्लशिंग २,७००, तेल-फिल्टर-कूलंट ४,२७०, मजुरी ४,५००. झाले ३१,८६०. आधीचे ११,७५० धरून ४३,६१०. सर्व्हिस सेंटरच्या आकड्यापेक्षा २४,८७० जास्त. वाचवायला निघाले होते!

जुना भाग नेहमी मागून घ्या. माझ्याकडे तो पुट्टीचा कूलर आहे, फोटो आहेत आणि दुसऱ्या मिस्त्रीचं सहीचं पत्र आहे. एवढं घेऊन पोलीस चौकीत गेले तर पहिला प्रश्न: "मिस्टर नाही आले?" गाडी माझी, पैसे माझे, फसले मी, मिस्टर कशाला? मग "ताई, हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, पुट्टी लावून वेल्डिंगचे पैसे घेणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? साहेबांनी अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. शिक्का सापडेना! चौकीत! परिवहन खात्याच्या खिडकीवर सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. खरंच येत नाही, मिस्त्रीला त्याच्या कामाचा कसलाही परवाना लागत नाही. केस कापणाऱ्यापासून वडापावपर्यंत प्रत्येकाच्या मागे कुठला ना कुठला इन्स्पेक्टर, आणि ज्याच्या हातात ब्रेक आणि इंजिन आहे त्याला विचारणारा कुणी नाही. फोनवरच्या ग्राहक मदतवाहिनीने तक्रार नोंदवली, गॅरेजला कळवलं, त्याने उत्तर दिलं नाही, आणि मला मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कुणाच्या बाजूने, ते नाही लिहिलं.

एक वकील १५,००० मागत होते. वकील लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः बाजू मांडता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. रोख दिलेले ३,७५० सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, म्हणून ते मागण्यात धरलेच नाहीत. यूपीआयचे ८,०००, पाइप-रेडिएटरचे १२,४४० आणि मनस्तापाचे वेगळे मागितलेत.

गॅरेजचं नाव विचारू नका, प्रकरण आयोगापुढे आहे. ज्याने सुचवलं होतं तो ऑफिसमधला मित्र म्हणतो, "माझं काम तर नेहमी चांगलं करतो." मी त्याला म्हटलं, तुझा कूलर एकदा खरवडून बघ.