फ्रॅक्शनल कंपन्यांतली होम बेस बदलण्याची सोय: चांगली, पण विमानतळ पारखून घ्या

अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइनमध्ये वैमानिकाला बेस, म्हणजे ज्या विमानतळावरून त्याचं काम सुरू होतं तो, बदलायचा तर तिथे जागा निघावी लागते आणि सीनियॉरिटीही पुरावी लागते. नेटजेट्सने १९८६ मध्ये सुरू केलेल्या हिस्सेदारीच्या पद्धतीवर (एका खासगी विमानाचे अनेक मालक) चालणाऱ्या, म्हणजे फ्रॅक्शनल, कंपन्यांत हे बरंच सोपं आहे, कारण विमान बेसवर उभंच नसतं. ते काल जिथे मालकाला सोडून आलं तिथे असतं. टूरच्या, म्हणजे सलग कामाच्या दिवसांच्या, पहिल्या दिवशी कंपनी वैमानिकाला होम बेसवरून एअरलाइनच्या तिकिटावर तिथे पाठवते आणि शेवटच्या दिवशी तसंच परत आणते. ज्या कंपन्या विमानं ठरावीक तळांवरून चालवतात, तिथे मात्र ही मोकळीक फारशी मिळत नाही.

सोय म्हणून तिला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. नोकरी न सोडता कुटुंब हलवता येतं, यापेक्षा मोठी सवलत या धंद्यात क्वचितच मिळते. चूक होते ती विमानतळ निवडताना. कंपनीच्या होम बेसच्या यादीत घराजवळचं छोटं नाव दिसलं की लोक तेच घेतात.

हिशेब असा करून बघा. फ्रॅक्शनल उड्डाणांच्या नियमांनुसार (भाग ९१, उपभाग के) दोन वैमानिकांच्या क्रूची नेहमीची ड्युटी १४ तासांपर्यंत, त्यात उड्डाण १० तासांपर्यंत आणि नंतरची विश्रांती किमान १० तास. विमानापर्यंत पोहोचण्यासाठी कंपनीने सांगितलेला लांबचा प्रवास विश्रांतीत धरता येत नाही. आता छोट्या विमानतळावर पहाटे ५ ला हजेरी, मध्ये एक विमान बदलणं, आणि विमानापाशी पोहोचेपर्यंत दुपारचा १. ड्युटी ५ पासून मोजली, तर संध्याकाळी ७ ला संपली. हाताशी उरले ६ तास. शार्लट किंवा डेन्व्हरसारख्या हबवरून (जिथून एअरलाइनची भरपूर थेट विमानं सुटतात) ७ ची हजेरी आणि थेट उड्डाण असेल तर साडेदहाला विमानापाशी, आणि मुदत रात्री ९ पर्यंत. शेड्युलिंगवाल्यांनाही असा माणूस सोयीचा पडतो.

परतीचा दिवस त्याहून महत्त्वाचा. छोट्या विमानतळाचं शेवटचं विमान संध्याकाळी लवकर निघत असेल आणि मालकाला उशीर झाला, तर ती रात्र हॉटेलात आणि सुट्टीचा पहिला दिवस प्रवासात जातो. त्याचा जादा मोबदला मिळतो की नाही, हे करारात आधी वाचून ठेवावं. उलट बाजूही आहे: घरापासून दोन तासांवरचा हब घेतला तर ते ड्रायव्हिंग तुमच्या खर्चाने आणि तुमच्याच झोपेतून.

अर्जाआधी तीन गोष्टी लेखी विचारा: तो विमानतळ नव्या अर्जांसाठी खुला आहे का, नव्या वैमानिकाला किती काळ थांबावं लागतं, आणि बदल कोणत्या टूरपासून लागू होईल. शेवटच्या प्रश्नावरच सगळ्यात जास्त घोळ होतो. वेळापत्रक आधीच निघालेलं असतं, कधी तिकिटंही जुन्या बेसवरून काढलेली असतात. सामान नव्या शहरात आणि पहिली टूर जुन्या गावातून, असं झालं तर तिथवर स्वतःच्या पैशाने जावं लागू शकतं. म्हणून लागू होण्याची तारीख हातात येईपर्यंत घराचा सौदा करू नये. बदल झाल्यावर पहिल्या टूरची तिकिटं कुठून निघाली आहेत, हे स्वतः तपासावं.

फ्लोरिडा किंवा टेक्सासमध्ये बेस घेतला की राज्याचा आयकर सुटतो, हा समज काढून टाका. न्यू जर्सीत राहणाऱ्याला न्यू जर्सी कर लावतेच, बेस कुठलाही असो. खरंच राज्य बदललं असेल तर पेरोलला लगेच कळवा, नाहीतर जुन्या राज्याची कपात चालू राहते आणि ती परत मिळवायला रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागतं.

आणि कंपनीला पत्ता कळवला म्हणजे एफएएला (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाला) कळला असं होत नाही. कायमचा टपालाचा पत्ता बदलून ३० दिवस उलटले आणि तुम्ही कळवलं नसेल, तर नियम ६१.६० नुसार कळवेपर्यंत त्या लायसन्सवर उडता येत नाही. एफएएच्या संकेतस्थळावर हे काम काही मिनिटांत होतं. सामान हलवलं त्याच आठवड्यात उरकून टाका.