तिकीट काढा ते पडद्यासमोरच्या दहा मिनिटांसाठी

फोंडा, डिचोली, पेडण्याकडचा मराठी नाटकवेडा माणूस तियात्राला, म्हणजे गाण्यांसह होणाऱ्या गोव्याच्या कोकणी नाटकाला, सहसा जात नाही. जत्रेतलं नाटक, कला अकादमीची स्पर्धा, मुंबई-पुण्याहून आलेला एखादा दौऱ्याचा प्रयोग, एवढ्यात त्याचं वर्ष भागतं. मडगावच्या रवींद्र भवनात रविवारी तियात्राला गर्दी होते हे त्याला ठाऊक असतं, पण ‘ते त्यांचं’ म्हणून तो लांब राहतो. हे परीक्षण अशा प्रेक्षकासाठी आहे. कुठल्या एका तियात्राचं नव्हे, तर तिकीट काढून आत गेल्यावर पदरात काय पडतं, याचं.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. कथानकासाठी जाल तर बऱ्याचदा हात चोळत बाहेर याल. कांतारांसाठी, म्हणजे मधल्या गाण्यांसाठी, जाल तर पैसे वसूल. सत्तेवर बसलेल्याला भर सभागृहात सुनावणारी आणि तरीही घरची म्हातारीकोतारी, पोरंटोरं घेऊन बघितली जाणारी दुसरी कला आज गोव्यात नाही. मराठी रंगभूमीवर तर ही जागा बराच काळ रिकामी पडली आहे.

पारंपरिक तियात्रात सहा-सात ‘पडदे’ म्हणजे अंक असतात आणि सगळं मिळून अडीच-तीन तास जातात. एक अंक संपला की रंगमंचाचा दर्शनी पडदा पडतो, मागे घराचं नेपथ्य काढून हॉस्पिटलचं लावायची धावपळ सुरू होते, आणि त्या आवाजावर पांघरूण घालायला गायक पडद्यासमोरच्या माइकपाशी येतात. सोलो, ड्युएट, त्रियो, क्वार्तेत असे प्रकार ठरलेले. खाली वाद्यवृंद जिवंत: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, बेस, ड्रम. एकामागून एक दोन कांतारं होतात, आठ-दहा मिनिटं जातात, पडदा उघडतो आणि सासू-सुनेचं भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

या कांतारांचा कथानकाशी काडीचा संबंध नसतो. नवख्या मराठी प्रेक्षकाला हेच खटकतं, कारण संगीत नाटकातलं पद प्रसंगातून उगवावं लागतं अशी त्याच्या कानाला सवय. पण इथली सगळी ताकद त्या तुटलेपणातच आहे. कांतार बहुधा गाणाराच लिहितो. नाटककाराच्या संहितेशी त्याचं देणंघेणं नसल्यामुळे बुधवारी पेपरात आलेली भानगड रविवारी दुपारच्या प्रयोगात गायली जाऊ शकते आणि पुढच्या महिन्यात ते कांतार काढून दुसरं घालता येतं, नाटकाला धक्का न लागता. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. असं आठवड्याला बदलणारं गाणं त्या चौकटीत बसवायचं कसं, हा प्रश्नच आहे. नेपथ्य बदलायला लागणारा वेळ भरून काढण्याची ही जागा, आणि तीच सगळ्यात मोकळी निघाली.

चांगलं राजकीय कांतार कसं बांधलेलं असतं ते एकदा नीट ऐका. पहिल्या कडव्यात कोणाचंच भांडण नसतं: शेत, बांध, डोंगर, आजोबांची झाडं. मग ध्रुवपद, सगळ्यांना गुणगुणता येईल असं. दुसऱ्या कडव्यात घडलेली गोष्ट येते. डोंगर कापला, शेताचा झोन बदलला, फाईल कोणाच्या टेबलावरून गेली. तिसऱ्यात माणूस. नाव क्वचितच घेतात. मतदारसंघ, बोलण्याची लकब, किती वेळा पक्ष बदलला, एवढं पुरतं. शेवटच्या ओळीआधी वाद्यं थांबतात, ड्रमचा एक ठोका पडतो आणि ती ओळ कोरडी, साथीशिवाय येते. डंख तिथे असतो. टाळ्या पुरेशा पडल्या तर गायक परत येतो आणि राखून ठेवलेलं जादा कडवं टाकतो. ते सहसा सगळ्यात धारदार असतं, तेव्हा टाळ्यांत कंजुषी करू नका.

इथेच सर्वांत जास्त गडबड होते. ध्रुवपदाला वाद्यवृंदाचा आवाज चढवलेला असतो, आणि ध्वनियंत्रणेवर बसलेल्या माणसानं कडवं सुरू होताना तो खाली घेतला नाही तर शब्द बुडतात. सूर ऐकू येतो, आरोप ऐकू येत नाही. म्हणून जागा निवडताना पहिल्या तीन-चार रांगा टाळा, तिथे स्पीकर थेट अंगावर येतात. बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगाही नकोत, तिथे आवाज गुदमरतो. तळमजल्यावर मधल्या रांगा, जमल्यास मधल्या वाटेजवळ. बाल्कनी स्वस्त पडते आणि चेहरे लांबून दिसतात, पण तियात्राचा अभिनय मुळातच मोठ्या हातवाऱ्यांचा असल्यानं तितकं बिघडत नाही.

भाषेची भीती अनाठायी आहे. संवाद बहुतांशी साष्टी किंवा बारदेशी वळणाच्या कोकणीत असतात, वेग जास्त असतो, पोर्तुगीज शब्द मध्ये मध्ये येतात. पहिल्या पडद्यात कान लागतो. खरी अडचण संदर्भांची. आठवडाभराचे स्थानिक पेपर न वाचता गेलात तर शेजारचे पोट धरून हसतील आणि तुम्ही त्यांच्याकडे बघत बसाल. नगरनियोजन कायद्याचं कलम १७(२) आणि ३९अ काय आहे, म्हादईचं पाणी कुठे अडलं आहे, मांडवीतल्या कॅसिनोंचं आणि मुरगावच्या कोळशाचं काय चाललं आहे, एवढी उजळणी करून जा.

आता कथानकाबद्दल. आईबापाला वृद्धाश्रमात टाकणारा मुलगा, दारू, आखातातून किंवा लंडनहून आलेला पैसा, घराच्या वाटणीवरून भावाभावांत लागलेली आग. विषय खरे आहेत, गोव्यातल्या घराघरांतले आहेत. पण शेवटच्या पडद्यात कोणीतरी उभं राहून प्रवचन देतं आणि सगळे रडतात. कांतारवाला प्रेक्षकाला शहाणा समजतो, तियात्र लिहिणारा मात्र पुष्कळदा त्याला शाळकरी समजतो. एकाच तिकिटात दोन वेगळ्या इयत्ता.

तियात्र मुळात असा भित्रा नव्हता. पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला, लुकाझिन रिबेरो यांच्या पुढाकारानं. त्याला स्वतःचं अंग दिलं ते मडगावच्या जुआंव आगुस्तिन फर्नांडिस यांनी. ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्र करणाऱ्यांचे जनक, म्हणतात ते हेच. त्यांनी १९०४ मध्ये ‘भाटकारा’ हे नाटक केलं, भाटकार म्हणजे जमीनदार त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला कसा पिळतो त्याचं. त्यात त्यांच्या पत्नी रेजिना रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यानंतर वर्षभरानं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, स्त्रीपात्रं रंगवायला. तियात्राला हलकं लेखणाऱ्या मराठी रसिकानं ही दोन सालं शेजारी ठेवून बघावीत.

अर्थात, नाटकानं मुंडकार सुटला असं कोणी म्हणू नये. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये यासाठीचा कायदा १९७५ मध्ये आला, म्हणजे ७१ वर्षांनी. तोही संघटना, निवडणुका आणि मुक्तीनंतरचं राजकारण यांतून. नाटकानं काय केलं? भाटकारासमोर मान खाली घालणं ही देवाची व्यवस्था नसून माणसाची आहे, एवढं तिकीट काढून आलेल्या खलाशांना, आचाऱ्यांना, आयांना समोर दाखवलं. कलेच्या राजकीय ताकदीबद्दल बोलायचं तर एवढ्या मापानंच बोलावं. त्याहून मोठे दावे सत्कार समारंभात शोभतात.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचंही तसंच. गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी ‘फूल’, केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पानां’. फरक पडला ३४,०२१ मतांचा. गायक उल्हास बुयांव यांची गाणी त्या दिवसांत गावोगाव घुमली, तियात्रिस्तही प्रचारात उतरले. गाण्यांनी नेमकी किती मतं फिरवली हे मोजता येत नाही, पण दोन्ही बाजूंनी गाण्यावर एवढी मेहनत घेतली ती उगाच नव्हे. (विलीनीकरणाविरुद्धची धारदार लेखणी चालली ती ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात, हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरलं जातं.) अलीकडचं उदाहरण मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाविरुद्धच्या चळवळीचं. २०२० पासून चित्रकारांनी तिथल्या जंगलाची चित्रं, पोस्टरं आणि भिंती रंगवून विषय घराघरांत नेला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, ती मात्र कागदपत्रांवर आणि केंद्रीय उच्चाधिकार समितीच्या अहवालावर. चित्रांनी माणसं जमवली, खटला वकिलांनी लढवला. दोन्ही कामं वेगळी, दोन्ही लागतात.

आता जे खुपतं ते. सत्तेवर वार करणारी हीच कला खालच्यावरही तितक्याच सहज वार करते. घाटापलीकडून आलेला मजूर, भाजीवाली, बांधकामावरचा माणूस ‘घांटी’ म्हणून विनोदी भूमिकेत येतो: मोडकी कोकणी, गलिच्छ कपडे, लोचटपणा. सभागृह हसतं. मराठी प्रेक्षकाला हे बोचेल आणि बोचायलाच हवं, पण केवळ ‘आपल्याला’ म्हटलं म्हणून नव्हे. ज्या प्रेक्षकाच्या घरातली माणसं परदेशात मजुरी करतात, तिथे परके म्हणून हिणवली जातात, त्याच प्रेक्षकाला दाराशी आलेल्या मजुरावर हसवायचं, ही लेखकाची आळशी कमाई आहे. जाड बाई आणि साडी नेसलेला पुरुष यांवरचे विनोदही त्याच रांगेतले. काही नव्या लेखकांनी हे टाकून दिलं आहे, पण तशी खात्री तिकिटासोबत मिळत नाही.

दुसरी गोष्ट प्रायोजकाची. सार्वजनिक प्रयोग तिकिटांवर चालतो, आणि कांतारवाल्याचा कणा त्यामुळेच ताठ राहतो. त्याचा मालक समोर बसलेला असतो. फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, प्रयोग एखाद्या पुढाऱ्यानं बुक केला की हिशेब बदलतो. मंडपाच्या बॅनरवर हसरा आमदार दिसला तर कांतारं नीट तपासा. एकतर ती फक्त विरोधकावर असतात, नाहीतर ‘सगळेच चोर’ या सुरात. ‘सगळेच चोर’ हे सगळ्यात सुरक्षित कांतार. त्यानं कोणाचंच वाकडं होत नाही आणि पुढच्या रांगेतला प्रमुख पाहुणाही खुशाल टाळ्या वाजवतो. स्वतःवरच्या टीकेला तोच टाळ्या देतो तेव्हा टीका बोथट झाली की पाहुणा निर्ढावला, हे ज्याचं त्यानं ठरवावं. उलट, गावातल्याच हौशी मंडळींनी बिगरप्रायोजक केलेल्या तियात्रात ग्रामपंचायतीतल्या पंचाच्या बेकायदा भिंतीवरचं कांतार ऐकायला मिळालं, तर ते मुख्यमंत्र्यांवरच्या दहा कांतारांना भारी. तिथे गायकाला दुसऱ्या दिवशी त्याच पंचाकडे दाखल्यावर सही घ्यायला जायचं असतं.

जाहिरात वाचताना एक शब्द बघा: ‘नॉन-स्टॉप’. या प्रकारात पडदे पाडून गाणी घालायची पद्धत नसते. नाटक सलग चालतं आणि गाणी असली तर कथानकात गुंफलेली. काही उत्तम असतात, पण राजकीय कांतारांसाठी जाणाऱ्यानं पडद्यांचा तियात्रच निवडावा. कला अकादमीच्या स्पर्धेतले प्रयोग लेखनात सरस आणि वेळेत बांधलेले असतात. तिथे परीक्षक बसलेले असल्यानं कांतारं थोडी अंग चोरून येतात आणि प्रेक्षकांची आरडाओरडही कमी. पहिल्यांदा जाणाऱ्यानं व्यावसायिक प्रयोगच बघावा, गर्दी हा त्याचा अर्धा भाग आहे.

तिकीट साधारण दोनशे-तीनशेच्या घरात. नव्या तियात्राचे पहिले काही रविवार आगाऊ काढलेलं बरं. पेपरातल्या जाहिरातीत तिकीट मिळण्याची ठिकाणं आणि फोन दिलेले असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रयोग थंडावतात आणि ईस्टरला नवे लागतात, तेव्हा कांतारं ताजी असतात. दुपारचा प्रयोग घ्या. संध्याकाळचा सुटेपर्यंत मडगाव-पणजी शटल बंद झालेली असते, आणि फोंड्याकडे जाणाऱ्यांचे हाल त्याहून वाईट. पोरांना न्यायला हरकत नाही, मात्र विनोदी प्रवेशांतले काही द्व्यर्थी संवाद त्यांनी घरी म्हणून दाखवले तर तयारी ठेवा.